पिलांची खेकडी

माझी सासू भागूबाई खेकडा धरला की आधी उताणा करायची. अंगठ्याने त्याच्या पोटावरची झडप उचलून आत बघायची. तिथे अंडी किंवा मुगाएवढी पिलं चिकटलेली दिसली, तर ती खेकडी ज्या बिळातली त्याच बिळात परत, तोंड आत करून. वर सांगायची, "जा बाई, बाळंतपण उरक. मग बघू तुझ्याकडं."

मी कोल्हारची, उसाच्या मुलखातली, चौथी पास. लग्न होऊन अकोले तालुक्यातल्या डोंगरात आले तेव्हा ही बाई मला वेडी वाटली. खायच्या जिनसेशी कोण बोलतं? अंगाने काटकुळी, बोलायला तिखट. ओढ्याकाठच्या बिळात खांद्यापर्यंत हात घालायची आणि गाल चिखलाला टेकवून डोळे मिटायची.

"आत्याबाई, साप असला तर?" मी एकदा विचारलं.

"दारात चिखलाच्या गोळ्या दिसत्यात ना? साप घर सारवीत न्हाई."

बाकीचे लोक पहारीने बीळ खणून खेकडा काढत. तिला ते खपायचं नाही. "ह्यातला काढला की दुसरा ऱ्हायला येतो. घरच पाडल्यावर कोन येनार, तुजा बाप?" असं ती मोठ्या माणसांनाही सुनवायची. ऐकत कोणी नव्हतं.

बहात्तर साली पाऊस आला नाही, भात करपलं. पुढच्या उन्हाळ्यात मी बाळंत झाले. वाडी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, भाकरी खायची. मला दूध येईना. बाळंतिणीला खेकड्याचा रस्सा द्यावा, दूध उतरतं, असं तिकडे मानतात. पण ओढा कोरडा पडला होता. जांभळीखालच्या डोहाकाठी तेवढी ओल होती, आणि उरलेली बिळंही तिथेच.

एका सकाळी लोक पहारी घेऊन डोहावर निघाले. मी पोर घेऊन मागोमाग गेले. सासू आधीच जाऊन बिळांच्या मधोमध मांडी घालून बसली होती.

"काकू, ऊठ," आमचा शेजारी किसन म्हणाला.

"खन की. पयली मला खन."

"सुनंसाठी राखून ठेवलीत व्हय बिळं? आमाला बी पोटं हायेत."

लोक हसले. ती हसली नाही. मग म्हणाली, "बीळ कोनी मोडायचं न्हाई. मी हातानं काढते. घरटी एक. माजं घर शेवटी. पिलांची निघाली तर ती कोनाचीच न्हाई."

किसनने पहार खाली ठेवली. पटलं म्हणून नाही, फुकटात मिळत होतं म्हणून.

ती आडवी झाली आणि पहिल्या बिळात हात घातला. ओल आत खोल होती, वरची माती इतकी कडक की हात आत जाताना सोलून निघत होता. कोपरापासून रक्त यायला लागलं, तरी थांबली नाही. खेकडा निघायचा, उताणा व्हायचा, ज्याच्या त्याच्या हातात जायचा. पिलांच्या निघाल्या त्या परत गेल्या. लोक कुरकुरले, पण पहारीला कोणी हात लावला नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आमचं घर तेवढं राहिलं.

शेवटच्या बिळातून तळहाताएवढी खेकडी निघाली. दिवसातली सगळ्यात मोठी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सासूने झडप उचलली. आत पिलं वळवळत होती.

किसनच म्हणाला, "काकू, घेऊन जा ती. कोन काय बोलतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. मग गुडघ्यावर बसून खेकडी आत सोडली. "आज मी नेली, तर उद्या तुमी समदी न्याल," एवढंच बोलली.

मी सगळ्यांसमोर तिला शिव्या दिल्या. "लोकांची जगवा, खेकड्याची जगवा, माझंच तेवढं मरू द्या!" तिने सोललेल्या हातावर पदर गुंडाळला आणि घरी न येता तशीच डोंगरापलीकडच्या धनगरांकडे चालत गेली. संध्याकाळी वाटीभर शेळीचं दूध घेऊन आली. पाऊस पडेपर्यंत तिने ती चाल रोज केली. पोर जगलं. जगलं नसतं तर मी तिच्याबद्दल वेगळं लिहिलं असतं, किंवा लिहिलंच नसतं.

शिंगणापूरला शनीपुढे उभी राहिले आहे मी. पण त्या दुपारी तिच्याकडे बघून जो धाक वाटला, तो तिथेही वाटला नाही. पोटात भूक, घरात तान्हं, हातात खेकडी, सगळे घे म्हणतात, आणि माणूस हात मोकळा करतं. मला जमलं नसतं. आजही जमणार नाही.

पाऊस आला, ओढा वाहिला आणि आमच्याकडे खेकडे दिसले. खालच्या वाडीने आपला ओढा खणून रिकामा केला होता. तिथली माणसं खेकडे मागायला आली. सासूने टोपलीत ओला पाला घालून त्यात पिलांच्या खेकड्या ठेवून त्यांच्या हाती दिल्या. "खायला न्हाई, सोडायला," म्हणाली. "मी येऊन बघनार हाय." आणि खरोखर गेली, बघून आली.

पुढे काही वर्षांनी ती तापाने गेली. आता खालच्या वाडीतले लोक सांगतात, "आमच्या ओढ्याला खेकडे पहिल्यापासूनच हायेत." मी ऐकून घेते.