पंचगंगेच्या अलीकडे

विजयमालाबाई मगदूमांबद्दल आमच्या शाळेत एक पक्की खबर होती. त्यांना पुण्याची मोठी शिष्यवृत्ती मिळणार होती म्हणे, पण वडिलांनी मुलाखतीचं बोलावणंच चुलीत घातलं. मधल्या सुट्टीत ही खबर सांगणारी प्रत्येक मुलगी शांतिनाथ मगदूमांचा आवाज काढून गरजायची, "पोरीच्या जातीला पुनं कशाला गं?" त्यात माझा आवाज सगळ्यांत झकास निघायचा.

खबर खोटी होती. शांतिनाथआण्णा गरजणारे नव्हतेच. गंगावेशीतल्या आपल्या किराणा दुकानात ते गिऱ्हाइकाला साखरेचा भावसुद्धा अपराध्यासारखा सांगायचे. बोलावणं आलं त्या दिवशी त्यांनी दुकान अर्ध्यावर बंद करून गल्लीत पेढे वाटले होते. विजयमालेला कोणीच अडवलं नव्हतं. गोष्ट तिथंच अवघड होते.

मगदूमांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावत नसत, आणि गाळून झालं की कापड झटकतही नसत. त्यात अडकलेले जीव, कापड उलटं धरून, वरून पाणी ओतून, पुन्हा आडात सोडायचे. हे काम लहानपणापासून विजयमालेकडं. एकदा तिनं आईला, म्हणजे अव्वाला विचारलं, "कुठले जीव? मला तर नुसतं कापडच दिसतंय."

"दिसत न्हाईत म्हणून तर जपायचं," अव्वा म्हणाली.

कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला मिळाला, तेव्हा विजयमालेनं घरच्या गाळण्याचा तुकडा पिळून त्यातला थेंब काचेखाली ठेवला. हिरवे रेशमी धागे, चंद्रकोरीसारखे काही दाणे, आणि त्यांच्यामधून लगबगीनं पोहत निघालेलं एक बारकंसं काहीतरी. अव्वा जन्मभर खरंच बोलत होती! घरी येऊन दिवस मावळायच्या आत जेवायला बसली, तर घास गिळायचाही धीर नव्हता. हातवारे करून सगळं सांगितलं.

अव्वानं हातातली भाकरी ताटात ठेवली. "आन् बघून झाल्यावर?"

"बघून झाल्यावर काय?"

"आडात सोडलंस का त्यास्नी?"

काच पुसून ठेवली होती. पण त्या थेंबानं तिला धरलं ते धरलंच. रंकाळ्यातलं शेवाळ बाटलीत भरून आणून देणारा प्रयोगशाळेतला शिपाई आकाराम तिला म्हणायचा, "बाई, उपसायचं पाप माझं, चिरडायचं तुमचं. वाटणी बरुबर हाय की!" ती हसायची. घरी मात्र ही वाटणी सांगायची सोय नव्हती.

बी. एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला. पदवीधर बायकांना संशोधनासाठी एक शिष्यवृत्ती पुण्यात मिळत होती, राहण्याजेवण्यासकट. सरांनी सांगितलं, अर्ज कर. शेवाळावर काम करायचं, सूक्ष्मदर्शक स्वतःच्या टेबलावर, कोणी मागं रांगेत उभं नाही. अर्ज गेला, आणि विजयमाला रात्री डोळे मिटले की ते टेबल बघू लागली.

आषाढ लागला. गल्लीतल्या बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, मुनिमहाराज चातुर्मासाला उतरले. बायका एकेक नियम घ्यायला निघाल्या. अव्वा म्हणाली, "वरीसभर काचंखाली जीव मारतीस. चार म्हयनं एक तरी नियम घे माझ्यासाठी."

विजयमालेनं डोकं चालवलं. मीठ सोडावं तर जेवण जाईना, एकवेळ जेवावं तर चक्कर यायची. तिनं स्वस्तातला स्वस्त नियम शोधला. महाराजांसमोर हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पंचगंगा ओलांडणार नाही." बोलावणं दिवाळीनंतरच येईल असं सर म्हणाले होते, मग जायचं होतं कुठं तिला पावसाळ्यात!

शेजारच्या त्रिशलाकाकूंनी तिथल्या तिथं हटकलं. "मी तूप सोडलंया, आन् ही नदी सोडतीया! नदी काय भाकरीसंगं खातीस व्हय गं?" सगळ्या बायका हसल्या. विजयमाला सगळ्यांत जास्त हसली.

आणि दसऱ्याच्या सुमारास मुलाखतीचं बोलावणं आलं. दिवाळीच्या आत पुण्यात हजर राहायचं. पुण्याची गाडी मिरजेवरून, आणि मिरजेची गाडी रुकडीजवळ पंचगंगा ओलांडणार. मोटारीनं जावं तर शिरोलीच्या पुलावर पुन्हा पंचगंगाच.

पेढे वाटून आलेल्या आण्णांना हे कळलं, तेव्हा ते डबा हातात धरून तसेच उभे राहिले. अव्वाच म्हणाली, "महाराजांस्नी जाऊन सांग. प्रायश्चित्त देतील, मोकळी करतील. इद्येसाठी जातीयास, चोरी न्हाय करत."

विजयमाला बस्तीत गेली. पायरीवर त्रिशलाकाकू माळ ओढत बसल्या होत्या. तूप सोडल्यापासून गालफडं बसली होती, पण जीभ होती तशीच. "काय गं, सोसवंना व्हय नदी?" त्यांनी सहज विचारलं. पेढे त्यांच्याही घरी गेले होते, पण मुलाखत दिवाळीच्या आत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आत महाराज बसलेले दिसत होते. चार पावलांवर. हसत घेतलेला सगळ्यांत सोपा नियम, आणि पहिल्याच फटक्याला तो सोडवून घ्यायला आलेली आपण. विजयमाला देवाला नमस्कार करून मागं फिरली. घरी म्हणाली, "नियम म्हणजे नियम." अव्वाच्या तोंडावर अभिमान दिसला, आणि मग तोही पुसट झाला.

तिनं पुण्याला कळवलं, कार्तिकानंतर कधीही बोलवा. उत्तर सभ्य होतं. जागा भरली होती. पुढच्या वर्षी अर्ज करावा म्हटलं तर पुढच्या वर्षी आण्णा अंथरुणाला खिळले, दुकान धाकट्या धनपालवर आलं, आणि विजयमाला आमच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागली. शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता. फळ्यावर खडूनं ते हिरवे धागे काढायच्या त्या, आणि पुसताना जरा थांबायच्या.

एवढं सगळं त्यांनी आम्हाला सांगितलं, ते माझ्यामुळं. भूगोलाच्या बाई आल्या नव्हत्या, मी टेबलापाशी उभी राहून शांतिनाथआण्णांना गरजवत होते, आणि विजयमालाबाई दारात होत्या. मी मेले असं वाटलं. त्या रागावल्या नाहीत. "आवाज चुकला," म्हणाल्या. "आण्णा असे बोलायचे," आणि दबकत दबकत साखरेचा भाव सांगून दाखवला. वर्गात हशा पिकला. मग खुर्चीत बसून खरी गोष्ट सांगितली.

मला गप्प बसवेना. "पण बाई, तुमचा इलाजच नव्हता. पंचगंगा न ओलांडता पुण्याला जायला पंख लागतील!"

"पैज?" बाई म्हणाल्या.

"पैज! हरले तर तुमची नक्कल जन्मात करणार नाही."

बाई उठल्या. भिंतीवरच्या नकाशात कोल्हापुरावर बोट ठेवलं आणि उत्तरेला नेण्याऐवजी खाली दक्षिणेला ओढलं. कागल, निपाणी, बेळगाव. "इथवर मोटार. इथून रेल्वे." बोट फिरून कृष्णा ओलांडत मिरजेला आलं, तिथून वर पुण्याला. पंचगंगा डावीकडं तशीच राहिली, तिला बोट लागलंसुद्धा नाही.

मुलींनी बाकं बडवली. मी विचारलं, "मग तेव्हा का नाही गेलात, बाई?"

"तेव्हा मी नकाशा बघितला नाही," बाई म्हणाल्या. "सगळे मिरजेवरून जातात, म्हणून मिरजेचीच वाट. हे मला इथं नोकरीला लागल्यावर, हाच नकाशा टांगताना दिसलं. खिळा ठोकायचा राहिला होता हातात."

त्यांचं बोट परत बेळगावावर गेलं होतं. तिथला कागद इतर जागेपेक्षा मळलेला होता.

शाळेतल्या सगळ्या बाई मला येतात, शिपाई पिराजीही येतो. विजयमालाबाई मी करत नाही. पैज हरलेय.