डबा कितव्या पिढीचा?

धाकट्या दिरानं पुण्याहून तो डबा आणून दिला तेव्हा मला वाटलं, चला, एक कटकट मिटली. तळहाताएवढा काळा, चपटा डबा. टीव्हीला जोडायचा, फोनचं नेट द्यायचं आणि पाहिजे ते बघायचं. त्यानं स्वतःला नवा घेतला आणि जुना आम्हाला दिला. दोन वर्षं तो बिचारा मुकाट चालला. मग लेकीची कुस्ती आली आणि डब्यानं असा छळ मांडला की विचारू नका.

माझी लेक राज्याच्या शालेय कुस्तीला निवडली गेली होती. तिचे वडील तिच्यासोबत गेले. इकडं उमापुरात घरी राहिलो आम्ही तिघं: मी, आत्याबाई म्हणजे माझी सासू, आणि मामा म्हणजे सासरे. मामांनी जन्मभर मेंढरं राखली. आठ-आठ महिने रानोमाळ. नातीची एक कुस्ती त्यांनी डोळ्यांनी बघितलेली नव्हती. आता खुब्याचं हाड मोडून ते खाटेवर पडून होते. जाताना लेक त्यांच्या उशाशी बसून सांगून गेली, "आबा, रविवारी अकराला टीव्हीवर दिसंल बघा. जिंकले की मी कॅमेऱ्याकडं बघून हात करीन. तो फक्त तुमाला." तेव्हापासून मामांचा दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न, "आज वार कोन्ता हाय?"

कुस्त्या एका नव्या ॲपवर दिसणार होत्या. बुधवारी मी ते उघडून बघायला गेले, तर पडद्यावर पाटी. हे ॲप तिसऱ्या पिढीपासून पुढच्या डब्यांवरच चालेल, आपला डबा कितव्या पिढीचा आहे ते तपासा. अगं बया! माणसांच्या पिढ्या ऐकल्या होत्या, डब्याला कुठली आली पिढी? फोनवर दाखवावं तर मामांना फोनमध्ये नुसत्या मुंग्या दिसायच्या. टीव्हीच पाहिजे होता.

दिराला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, सोपं आहे. डबा उलटा करा. खाली बारीक अक्षरात नंबर असेल, तो मला सांगा."

उलटा केला. खाली काही नाही. लख्ख.

"भावजी, इथं कायच न्हाई की."

"असं कसं? पांढरी चिठ्ठी असते चिकटवलेली."

मी आत्याबाईंकडं बघितलं. शेंगा फोडता फोडता त्या म्हणाल्या, "ती व्हय? ती म्या काढली, दसरा काढताना."

दसरा काढायचा म्हणजे आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातली एकूण एक वस्तू धुऊन काढायची. गोधड्या, भांडी, फडताळं, काही सुटत नाही. आत्याबाईंनी यंदा ओल्या फडक्याला राख लावून हा डबाही घासला होता. घासूनही तो चालला हे त्याचं नशीब. मी डोक्याला हात लावला तर त्याच माझ्यावर उसळल्या. "घरात मळकी चिठ्ठी ठिवून घट बसवायचे व्हय? अन् माज्यावर कावून डोळे काढती?"

दीर म्हणाला, "बरं, मग रिमोट बघा. माईकचं बटण आहे?"

"हाय."

"मग तिसरी पिढी! चालायलाच पाहिजे."

माझा जीव भांड्यात पडला. पण पाचच मिनिटं. त्याचा परत फोन आला. "वहिनी, थांबा जरा. जुना रिमोट कुत्र्यानं चावला होता, म्हणून मी नवा घेतला होता. रिमोट तिसऱ्याचा असेल, पण डबा दुसऱ्याचा असू शकतो."

"असू शकतो म्हंजे? घेतला तुमीच ना?"

"आता कुणाला आठवतंय वहिनी!"

असा संताप आला! पण दिराला काय बोलणार. त्या दिवशीच्या भाकरी मी अशा थापल्या की आत्याबाई परातीकडं बघतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून गेवराईला गेले. दुकानदारानं मागची भोकं बघितली, पुढून बघितलं, कानाशी धरून हलवलासुद्धा. मग म्हणाला, "ताई, दुसऱ्या पिढीत दोन जाती निघाल्या. एक पहिल्यासारखी दिसती, एक तिसऱ्यासारखी."

"मग ही कोन्ती?"

"त्ये चिठ्ठीवर असतं. चिठ्ठी कुठं हाय?"

मी डबा परत पिशवीत टाकला आणि बस धरली.

घरी येऊन सेटिंगमध्ये घुसले. तिथं डब्याच्या माहितीचं पान सापडलं, त्यावर आगगाडीएवढा लांब आकडा. तो दिराला कळवला. त्यानं नेटवर शोधला तर एका ठिकाणी दुसरी पिढी म्हणत होते, दुसऱ्या ठिकाणी तिसरी. आता मात्र माझं डोकं पार फिरलं. कुणाचं खरं धरावं?

मामा खाटेवरून सगळं ऐकत होते. म्हणाले, "आन हिकडं. मेंढीचं वय कळाया कागूद लागत न्हाई. जबडा उघडायचा, दात बघायचे." डबा हातात घेऊन त्यांनी मागच्या एकेका भोकावरून अंगठा फिरवला. "तीन हायती. तिसरं बारकं हाय, पर हाय. तिसऱ्या पिढीचाच हाय ह्यो. लाव बिनघोर."

हसावं की रडावं मला कळेना. पण खरं सांगते, मामांनी सांगितलेलं मेंढीचं वय कधी चुकलेलं मी बघितलं नव्हतं. इतक्या खात्रीनं बोलले की मला पटलं. मागच्या गल्लीत नवा टीव्ही होता. मामांना खाटेसकट उचलून न्यायला चौघं जण आपणहून विचारून गेले होते. मी म्हटलं, "नको, आमचा चालतोय."

रविवारी दिरानं सांगितलं की तिसरी पिढी असेल तर डबा अपडेट करा, ॲप उघडेल. दहा वाजता मी सुरू केलं. माझा फोन टीव्हीखाली नेट देत पडला होता. मामा उशांना टेकून, धुतलेलं धोतर, फेटा, अशा थाटात बसले. पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलानं सरकत होती. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. मी म्हणत होते, "आलंच मामा, आता आलंच." साडेअकराला रेघ संपली, डबा बंद होऊन परत चालू झाला. मी ॲप दाबलं, आणि तीच पाटी.

फोनवर मला तरी लेक दिसली असती. तिथं काय झालं ते मी मामांना बोलून दाखवलं असतं. हे मला तेव्हा सुचलं, आणि स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. लेकच होती. मी स्पीकर लावून फोन मामांपुढं धरला. मी काही बोलायच्या आत ते ओरडले, "दिसलं गं, समदं दिसलं! तू हात केला त्यो बी दिसला. लई ब्येस!"

ती म्हणाली, "आबा, मी हरले. हात कुटं केला मी?"

मामांचं तोंड एवढंसं झालं.

"तुमाला दिसलंच न्हाई ना?"

"न्हाई गं पोरी. चाललंच न्हाई त्ये."

तिकडं ती हुंदके द्यायला लागली. रडता रडताच म्हणाली, "बरं झालं, आबा. लई वाईट पडले मी."

"लागलं का?"

"न्हाई."

"मग रडती कावून? कशी पडलीस त्ये सांग मला. सलामीपासून सांग."

ती सांगायला लागली. आधी अडखळत, नाक ओढत, मग सरळ. मी फोन धरून तशीच उभी. राग कुणावर काढावा हेच मला कळत नव्हतं. आत्याबाई दाराशी येऊन बसल्या. मामांनी डोळे मिटून घेतले होते आणि मध्येच तिला थांबवायचे, "थांब, थांब. तिचा पाय कुटं व्हता तवा?"