दिनकरच्या गाडीला घातलेले जादा पाटे

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या युनिटची एक डिटॅचमेंट तीन महिन्यांसाठी पनवेलला आली. मी ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागाचा हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. माझं गाव ओवे. सतरा वर्षांच्या नोकरीत घराच्या इतक्या जवळ पोस्टिंग कधी मिळालं नव्हतं. बायको म्हणाली, देव पावला.

काम साधं होतं. बंदरावर उतरलेला माल दुपारी जासईच्या यार्डातून उचलायचा, कॅम्पात आणायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कॉन्व्हॉय लावून घाटाने पुण्याला पोचवायचा. गाड्या तीन टनी, नऊ. शेवटी बंद पडलेल्या गाड्या ओढणारं रिकव्हरी व्हेइकल, त्यात मी.

यार्डात वजनकाटा आमच्या वाट्याला येत नसे. कंटेनरवाल्यांची रांगच संपत नव्हती. म्हणून मी लोडिंग पार्टीला एक युक्ती शिकवली होती. माल चढला की चाकांवरचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबतात आणि चेसिसखालचा रबरी ठोकळा ॲक्सलच्या जवळ येतो. मध्ये चार बोटं आडवी बसली तर ठीक. तीनच बसली तर माल उतरवा. लोडिंगचा नायक मोठा इमानदार गडी. प्रत्येक गाडीखाली वाकून स्वतःची बोटं घालायचा, मगच ड्रायव्हरला हात करायचा.

लान्स नायक दिनकर हा खटावकडचा ड्रायव्हर. त्याची गाडी सगळ्यांत जुनी. पाटे थकलेले, निम्म्या मालातच चार बोटांवर यायची. जासईच्या खड्ड्यांत रबरावर आपटायची आणि त्याच्या कमरेचे हाल व्हायचे. बाकीचे ड्रायव्हर चिडवायचे की दिनकर पुण्याला माल नेत नाही, हवा खायला जातो. तो हसायचा, पण त्याला ते लागायचं. शेवटच्या पंधरवड्यात माल तुंबला, तेव्हा सुभेदार साहेबांनी मला बोलावून सांगितलं, हवालदार, त्या गाडीचं काहीतरी करा, मला ती पूर्ण भरलेली पाहिजे.

आता सिव्हिलमधल्या लोकांना सांगतो, थकलेल्या गाडीचे तीन इलाज असतात. जुने पाटे भट्टीत घालून त्यांना पुन्हा बाक द्यायचा. नाहीतर जादा पाटे घालायचे. नाहीतर वर हेल्पर बसवायचा, म्हणजे आखूड पाट्यांचा वेगळा जुडगा, जो गाडी भरली की मगच टेकतो आणि भार घेतो. पहिल्या इलाजाने गाडी तिच्या मूळ ताकदीवर येते. पुढचे दोन तिला ताकदीपेक्षा जास्त उभं धरतात.

पनवेलला एसटी स्टँडमागे दामूदादाचं कमानपाट्यांचं दुकान होतं. तो आमच्याच गावचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. म्हणाला, जुन्यांना बाक देतो, बास झालं. मी म्हटलं, बाक तर द्याच, शिवाय दोन पाटे वाढवा आणि हेल्परही बसवा. मिलिटरीची गाडी आहे, पुन्हा तक्रार नको. त्याने हातोडा खाली ठेवला.

"पाटं वाढवल्यानं बिरेक नाय वाढत रं," तो म्हणाला. "गारी दबतं ती बरी. आमाला कलतं तरी, भार झाला म्हणून."

मी हसलो. मला बाक, ताण, लोड सगळं पाठ होतं आणि हा मला शिकवणार! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी.

दोन दिवसांत काम झालं. रिकामी गाडी मागून चांगली वीतभर उंच दिसायला लागली. दिनकर खूष. तिसऱ्या दिवशी गाड्या जासईला गेल्या. त्या दुपारी मी ओव्याला जाऊन खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण आणि भाकरी खाऊन आलो. लोडिंगच्या नायकाला एक वाक्य सांगायचं होतं, की या गाडीवर बोटांचा हिशेब चालणार नाही. मला ते सुचलंच नाही. विसरलो असंही नाही. सुचलंच नाही.

सकाळी आठला निघालो. दहा चाळीसला घाटाच्या मधल्या चढावर वायरलेस सेट बोलला.

"पुढे ब्लॉक आहे. सगळ्या गाड्या जागेवर हॉल्ट. ओव्हर."

"रॉजर," मी म्हणालो.

दिनकरची गाडी आठवी. तिच्या मागे नववी, तीत अकरा जवान बसलेले. तिच्या मागे मी. दिनकरची गाडी थांबली आणि मग हळूच मागे सरकली. को-ड्रायव्हर लाकडी गुटका घेऊन उडी मारून उतरला, मागच्या चाकाखाली सारला. चाक गुटक्यावरून तसंच गेलं. ब्रेक धरतच नव्हता. दिनकरने एकदा आरशात पाहिलं आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. गाडीची मागची बाजू डोंगराकडे वळली, डावं चाक दरडीवर चढलं आणि गाडी उजव्या कुशीवर, ड्रायव्हरच्या अंगावर, आडवी झाली. नववी गाडी चार हातांवर उभी होती. हे सगळं आठ-दहा सेकंदांत झालं.

आम्ही केबिन उचलायला विंच लावला. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याला बाहेर काढलं. तो गेला होता.

माझं डोकं चालेना. क्वार्टरमास्टरचा माणूस रस्त्यावर पडलेल्या पेट्या लिहून घेत होता आणि मी नुसता ऐकत होतो. यादी संपली तेव्हा वजन पाच टनांच्या वर गेलं. तीन टनांच्या गाडीत. लोडिंगचा नायक माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तोंड पांढरंफटक.

"उस्ताद, मी घातली होती बोटं. चार होती. आईशप्पथ चार होती."

तेव्हा मला कळलं. पाच टनांतही माझ्या जादा पाट्यांनी गाडी दबू दिली नव्हती. तिथेच रस्त्यावर बसलो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत पहिला सूर असा होता की ड्रायव्हरने गिअर चुकवला. मी उभा राहून पाटे, हेल्पर, बोटं, सगळं सांगितलं. सुभेदार साहेबांनीही मान्य केलं की या बदलाला लेखी परवानगी नव्हती. माझं नायब सुभेदारीचं प्रमोशन गेलं. ते जायलाच हवं होतं.

दिनकरचे वडील त्याची ट्रंक न्यायला पनवेलला आले. गावात बातमी आधीच पोचली होती, पोरगं गाडी नीट चालवत नव्हतं अशी. त्यांनी मला तेवढंच विचारलं. मी म्हटलं, बाबा, त्याने नीट चालवली. गाडी मी बिघडवली होती. मला वाटलं, आता हात उचलतील. उचलला असता तर बरं वाटलं असतं.

"ह्ये गावात येऊन सांगशीला का?" ते म्हणाले. "तेराव्याला?"

रजा घेऊन गेलो. युनिफॉर्म घालून त्यांच्या अंगणात उभा राहिलो आणि सगळ्या भावकीसमोर सांगितलं. लान्स नायक दिनकर, वय सव्वीस, याची चूक नव्हती. मागच्या गाडीतले अकरा जण जिवंत आहेत, ते त्याने स्टिअरिंग डोंगराकडे वळवलं म्हणून. चूक माझी होती. दिनकरची बायको आतून आली, कडेवर वर्षाची मुलगी. तिने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या धरला आणि म्हणाली, लांबून आलाय, पाणी घ्या.