नानांचं बोकड

कुठलाही डबा हाती आला की नाना आधी झाकण उघडून वास घ्यायचे, आंबा पिकलाय का बघावं तसा. आंबूस वास नसला की चेहरा खुलायचा. डब्यात जुन्या कार्टूनचं रीळ असायचं. काळंपांढरं, मुकं, जेमतेम काही मिनिटांचं. असं जुनं रीळ सडू लागलं की आंबतं.

द्वारका चौकात त्यांचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत रिळांचं कपाट. मी समोरच राहायचो. रविवारी दुपारी भिंतीवर चादर लावून ते गल्लीतल्या पोरांना कार्टून दाखवायचे. घरोघरी केबलवर रंगीत कार्टून चालू असताना पोरं इथे जमायची, कारण सगळ्या प्राण्यांचे आवाज नाना स्वतः काढायचे. चादरीकडे मात्र ते बघत नसत. पोरांच्या तोंडाकडे बघत.

हा नाद म्हणजे प्रायश्चित्तच होतं. घोटीला त्यांच्या वडिलांची टुरिंग टॉकीज होती. ती बंद पडल्यावर नानांनीच सगळी रिळं भंगारात घातली. "रिळातली चांदी काढाया उकळली रे भंगारवाल्यानं," ते म्हणायचे. "लोकं लय हसायची ती बघून. ते हसणं मी उकळाया दिलं." त्यातल्या एका कार्टूनमध्ये एक बोकड होतं. ते दोरीवरचे कपडे खायचं, मग त्याला उचकी लागायची आणि दर उचकीला एक बटण बाहेर पडायचं. तेवढं तरी परत मिळावं म्हणून नाना जुने बाजार धुंडाळत राहिले.

एकदा ते खरंच मिळालं. पण झाकण उघडताच आंबूस भपकारा आला. आकसलेलं रीळ कसंबसं एकदा चाललं. पोरं हसून लोळली आणि नाना डोळे पुसत बोकडाच्या उचक्या काढत राहिले.

एक आंबलेलं रीळ शेजारच्या रिळांनाही आंबवतं, हे मला नानांनीच शिकवलं होतं. म्हणून मी म्हणालो, "नाना, हे बाहेर वेगळं ठेवा."

"एकदा घराबाहेर काढलंय त्याला. आता नाय काढणार," ते म्हणाले आणि डबा कपाटात सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

पुढच्या काही उन्हाळ्यांत अख्खं कपाट आंबलं. "पुन्हा मीच घालवलं," एवढंच नाना बोलले. नंतर त्यांनी प्रोजेक्टर लावला नाही. रविवारी पोरं दारात डोकावली की ते उठून आत जात.

नाना गेल्यावर त्यांच्या बायकोनं, काकूंनी, विचारलं, "भंगारवाल्याला देऊ का रे ही रिळं?" मी कपाट उघडलं. बोकडाचा डबा तेवढा मी उचलून आणला. तो गच्चीत पत्र्याखाली एकटाच असतो. आंबलेलं रीळ तसंच ठेवायचं असतं, मला माहीत आहे. तरी त्याला पुन्हा घराबाहेर काढल्यासारखं वाटून मन खातं, म्हणून रविवारी दुपारी चहा घेऊन मी त्याच्या शेजारी जाऊन बसतो.