टर्बोवाल्या गाडीतून माहेरी

माझा नवरा चंद्रपूरला गॅरेज चालवायचा. लिहिताना त्याला 'तो' म्हणते आहे, तोंडावर कधी 'तू' म्हणायची हिंमत झाली नाही. जगाच्या जीपा आणि ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आणि घरचा पंखा मात्र उन्हाळाभर बंद. लग्नाआधी बरीच वर्षं त्यानं जंगलातून बांबूचे ट्रक चालवले होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका लाकूडवाल्या शेठनं त्याच्याकडे एक जुनी विलायती गाडी आणून टाकली. दोनच माणसांची, बिनटपाची, शर्यतीतल्यासारखी बुटकी. तिचं इंजिन केव्हाच मेलं होतं. शेठनं कुठल्याशा लिलावातून नवं टर्बोवालं डिझेल इंजिन उचललं होतं आणि ते त्याला तिच्यातच बसवून हवं होतं.

"धूरच पंखा फिरवते, अन् तो पंखा इंजिनात हवा कोंबते," नवरा मला समजवायचा. मला एवढंच कळलं, की म्हातारीच्या अंगात पैलवान शिरला होता. इंजिन जड, म्हणून त्यानं ब्रेकलाही जोर देणारा डबा जोडला. पाय नुसता टेकवला की गाडी जागच्या जागी थांबायची. तो जोर इंजिन चालू असेल तरच मिळतो, हेही त्यानंच कौतुकानं सांगितलं होतं.

मला तेव्हा सातवा महिना होता आणि बाळंतपणाला कुरखेड्याला माहेरी जायचं होतं. आदल्या वर्षी एक मूल पोटातच गेलं होतं. त्यामुळे मी चालताना, बसताना, शिंकतानासुद्धा भीत होते. आणि हा माणूस म्हणाला, शेठले लांबची चाचणी पायजेच, मंग तुलेच सोडून देतो.

"मले भेव वाटून राह्यलं," मी म्हटलं.

"काई होत नाई. एसटीत धक्के खाशील त्यापरीस हे बरं."

आरमोरीपर्यंत मी दाराची कड घट्ट धरून होते. इंजिनाची शिट्टी वाढली की गाडी अशी उसळायची की मी दुसऱ्या हातानं पोट धरायचे. तो मात्र खुशीत. पुढे जंगल लागलं आणि एका घाटीच्या माथ्यावर देवाचा म्हणून रचलेला दगडांचा ढीग आला. तिथे ट्रकवाले झाडाची डहाळी टाकतात आणि पुढे इंजिन बंद करून घाटी उतरतात. देवाच्या दारातून आवाज करत जायचं नाही म्हणून. आम्ही बुद्धाला मानणारे. डहाळी त्यानं कधी टाकली नाही, उलट टाकणाऱ्यांची थट्टाच केली. पण इंजिन बंद करायची सवय त्याच्या हाताला ट्रकच्या दिवसांतच लागली होती. त्यात डिझेल वाचायचं ना!

त्यानं गिअर काढला आणि इंजिन बंद करायचा खटका ओढला. शिट्टी थांबली. एकदम पाखरं ऐकू आली.

"इंजिन काऊन बंद केलं?"

"उतार हाय ना," तो म्हणाला आणि ब्रेकवर पाय ठेवला. एकदा लागला, दुसऱ्यांदा थोडा लागला. मग पायाखाली दगड असावा तसा ब्रेक घट्ट झाला. तो दोन्ही पायांनी दाबत सीटवरून अर्धा उठला. गिअर टाकायला गेला तर नुसतीच करकर. खाली वळणावर गुरांचा कळप रस्ता ओलांडत होता आणि गुराखी आमच्याकडे बघून काठी हलवत होता. मी किंचाळले नाही. दोन्ही हात पोटावर धरले आणि डोळे मिटले.

त्यानं गाडी रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगावर घातली. मोठा हिसका बसला, तोंडात माती गेली, आणि सगळं थांबलं.

"लागलं का?" त्यानं विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. लागलं नव्हतंच. पण सकाळपासून लाथा मारणारं पोट गप्प होतं. हे मी बोलले नाही. बोलले की खरं होईल असं वाटलं.

गुराख्यानं आणि त्यानं मिळून गाडी खाली ओढली. मग तो इंजिन चालू ठेवून बैलगाडीच्या चालीनं निघाला. मी पोट दाबून पाहत होते, कुशीवर कलत होते, मनात शिव्या देत होते. त्याला, शेठला, त्या इंजिनाला. तो समोरच बघत होता. जन्मभर बडबड करणारा माणूस कुरखेड्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, गाडीचा पत्रा वाकला म्हणून गप्प आहे, आणि माझं डोकं आणखीच फिरलं.

आईनं ओसरीवर चटई टाकली, गुळाचं पाणी दिलं. मी पडून राहिले. आई काही विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं बरगडीखाली एक लाथ बसली. मग दुसरी. मी हुंदके देऊन रडू लागले, तशी आई घाबरली.

नवरा अजून दारातच उभा होता. आईनं दोनदा बोलावूनही आत आला नव्हता. माझ्या पोटाकडे बघत होता, पण विचारत नव्हता. मी रडत रडतच मान हलवली, की आहे, हलतंय.

तो तिथेच उंबऱ्याबाहेर मातीत खाली बसला.