निळं पिंप

आमच्या दादाला सगळी वस्ती चोथेवाला म्हणायची. बिअरच्या कारखान्यात जव भिजवून, उकळून रस काढून घेतला की चोथा उरतो. दादा दर तिसऱ्या दिवशी तो ओला, वाफाळता चोथा हातगाडीवरून आणायचा आणि डुकरांना घालायचा. कोपऱ्यावरचा पाववाला विचारायचा, "काय रे, तुझी डुकरं सरळ चालतात ना?"

"तुझ्या गिऱ्हाइकांपेक्षा सरळ," दादा म्हणायचा.

चोथ्यात नशा नसते, हे त्याने मला दहादा सांगितलं. तरी मी देवाचं नाव घेणारी बाई, त्याच्या शेडमध्ये नाक धरूनच जायची. त्याचं मात्र सगळं काम नाकावर. डोळे केव्हाचे अधू झालेले. चोथा मुठीत दाबायचा, हुंगायचा आणि म्हणायचा, "आज गोड आहे." वाढीच्या पिल्लांना थोडाच द्यायचा, तोही भरड्यात कालवून. नुसत्या चोथ्याने पोट भरतं, अंग धरत नाही, म्हणायचा.

डोळ्याच्या ऑपरेशनला तीन दिवस दवाखान्यात राहावं लागणार होतं. एकटा जीव, म्हणून मी आले. मोठी डुकरं विकून झालेली, शेडमध्ये तेव्हा नुसती अकरा पिल्लं होती. निघताना त्याने बजावलं, "छोटे, काळ्या पिंपातलं घाल. कालच आणलंय, हुंगून ठेवलंय. निळ्याला हात लावू नकोस. ते बिघडलंय, आल्यावर खड्ड्यात टाकतो."

मी निळं उघडलं. वर पांढरी बुरशी, पण पिंप अर्धं भरलेलं! माझ्या घरात आधी शिळं संपतं, मग ताजं निघतं. अन्न टाकलं तर देव जाब विचारतो, असं आई सांगायची. पावाचा बुरसटलेला कोपरा कापावा तशी मी वरची बुरशी काढली आणि खालचं पिल्लांना घातलं. डुकरांना कसलं आलंय शिळं-ताजं! दोन दिवस तेच घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरापैकी सात पिल्लं मरून पडली होती. निळ्यातला उरलेला आणि काळ्यातला सगळा चोथा मी खड्ड्यात ओतला, दोन्ही पिंपं घासून उपडी घातली.

दादा एका डोळ्यावर पट्टी घेऊन आला. खाली बसला, एकेका पिल्लावरून हात फिरवला.

"निळ्यातलं घातलंस का गं?"

"छे! ते खड्ड्यात टाकलं. म्हटलं, तुला आल्या आल्या काम नको."

जन्मात खोटं न बोललेली मी, शब्दही अडखळला नाही.

"मग काळंच बिघडलेलं असणार," तो म्हणाला. "आणि मी ते हुंगून गेलो होतो." बराच वेळ तो स्वतःचा तळहात नाकाशी धरून बसला. "डोळे गेलेच होते. आता नाकही गेलं म्हणायचं."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात त्याने राहिलेली चार पिल्लं विकली, हातगाडीही दिली. पाववाल्याने थट्टा सोडून दिली.

मी त्याच्याकडेच राहिले. डोळा छान सुधारला, पेपर वाचू लागला. नाकावर मात्र त्याचा भरवसा उरला नाही. दुधाचा कपसुद्धा माझ्यापुढे धरायचा, "बघ गं, नासलंय का?"

सहा वर्षं रोज संध्याकाळी मी देवापुढे कबूल करत आले. दादापुढे एकदाही नाही. आजारपणातल्या शेवटच्या सकाळी त्याने अंथरुणातूनच दुधाचा कप पुढे केला. मी हुंगलं.

"चांगलं आहे," म्हणाले.

"तू म्हणतेस ना, मग झालं," दादा म्हणाला आणि प्यायला.