सगळ्यांत खालची रेघ

नेवाशाकडची मीनाक्षी लग्न होऊन लखनऊला आली, तेव्हा जगदीशची बँकेतली बदली दोन-तीन वर्षांचीच आहे असं सगळे म्हणत होते. ती वर्षं सरली, त्यांच्यामागून आणखी सरली, आणि तेलीबागेतलं भाड्याचं घर कधी आपलं झालं ते दोघांनाही कळलं नाही. मीनाक्षीला शहरातल्या एका संशोधन संस्थेत नोकरी मिळाली. काम गोवराच्या विषाणूचं. त्याची प्रथिनं वेगवेगळी करायची, वजनाप्रमाणे कागदासारख्या पांढऱ्या पडद्यावर चढवायची, पडद्याच्या बारीक पट्ट्या कापायच्या, आणि त्यांच्यावर कुणाच्या तरी रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, घालून बघायचं. त्या माणसाच्या शरीराने जे प्रथिन ओळखलेलं असेल, त्याच्या जागी रेघ उमटायची. जड वर, हलकं खाली. सगळ्यांत खालची रेघ M नावाच्या प्रथिनाची.

सानिका शाळेत जाऊ लागली तेव्हा एकदा तिने विचारलं, "मम्मी, तुम दिन भर करती क्या हो?" पोरीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

"हे बघ," मीनाक्षी म्हणाली, "आपण गावी निघतो ना, तसंच असतं ते. H हा दार वाजवणारा. F दाराचं कुलूप काढून आत घुसणारा. N सगळं सामान गुंडाळून ठेवतो. P आणि L कागदाच्या नकला काढत बसतात. आणि M असतो, तो सगळ्यांना गोळा करून घराबाहेर काढतो. चला, चला, गाडीची वेळ झाली, म्हणून."

"म्हणजे मी M," जगदीश पेपरामागून म्हणाला.

"तुम्ही कसले M? मागच्या खेपेला डब्याची पिशवी ओट्यावर ठेवून चारबाग स्टेशन गाठलंत."

"और M न आए तो?" सानिकाने विचारलं.

"तर सगळे तयार होऊन घरातच बसतात. मग भिंत फोडून शेजारच्या घरात शिरतात, तिथून पुढच्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला काही दिसत नाही."

सानिका हसली. मीनाक्षीही हसली होती.

संस्थेत एक रीत होती. पट्ट्या तपासायच्या तर त्यांत एक पट्टी अशा माणसाच्या रक्ताची हवी, की जिच्यावर सगळ्या रेघा हमखास उमटतील. मीनाक्षीला लहानपणी नेवाशाला सणसणीत गोवर आला होता. तेव्हापासून तिच्या रक्ताला या विषाणूचा एकेक भाग पाठ होता. बरोबर काम करणारा अनुप श्रीवास्तव म्हणायचा, "दीदी, क्या खून है आपका, एक लाइन नहीं छूटती." म्हणून प्रत्येक खेपेला तिची पट्टी शेजारी असायचीच.

सानिकाला गोवर आला होता तो तान्हेपणीच, आठव्या महिन्यात. लस नवव्या महिन्यात टोचायची होती. फोनवर मीनाक्षीची आई म्हणाली, घरात फोडणी देऊ नकोस, पोरीला झळ सोसत नाही. मीनाक्षी हसली, पण पोर उठेपर्यंत तिने वरणाला फोडणी दिली नाही. पोर उठली, बाळसं धरलं, आणि घरात पुन्हा हिंगाचा वास दरवळला.

दोन हजार बाराच्या थंडीत सानिकाच्या हातातून चमचा पडला. पुन्हा पडला. मान मध्येच झटका बसल्यासारखी खाली जायची. अक्षर बिघडलं. शाळेतून निरोप आला, मुलगी मुद्दाम पेन्सिली टाकते. मग मोठं इस्पितळ, मग पाठीच्या कण्यातलं पाणी. डॉक्टरांनी विचारलं, "बचपन में खसरा हुआ था?" प्रश्न पुरा व्हायच्या आत मीनाक्षीला सगळं कळलं. गोवर बरा होऊनही विषाणू मेंदूत दडून राहतो आणि वर्षांनी जागा होतो, त्या आजाराचं नाव तिने शेकडो कागदांत वाचलं होतं. त्यातून मूल उठत नाही, हेही.

"पाण्यात गोवराविरुद्धची द्रव्यं फार आहेत," ती घरी जगदीशला म्हणाली. "पण एक गोष्ट बघायची राहिलीय. या आजारात M बिघडलेला असतो. बाहेर पडायची वाटच बंद, म्हणून तर तो आत राहतो. शरीराला M भेटतच नाही, म्हणून त्याची रेघ बहुधा येत नाही. ती आली तर..."

"तर काय?"

"तर दुसरं काही असेल. एखादं बरं होणारं."

डॉक्टर म्हणाले होते, त्याने फारसं बदलणार नाही. तरी उरलेलं थोडं पाणी त्यांनी दिलं. मीनाक्षीने ते बर्फात घालून संस्थेत नेलं. त्या दिवसांत घरात वरणाला फोडणी नव्हती. जगदीशने ते ओळखलं होतं.

खाचांच्या ताटलीत तिने दोन पट्ट्या ठेवल्या, एक सानिकाची, शेजारी आपली. वरचं पाणी ओतून टाकून रंग घातला. सानिकाच्या पट्टीवर रेघा काळ्याभोर उमटल्या. आणि सगळ्यांत खाली, पुसट, एक रेघ.

"अनुप, बघ रे जरा. खरंच आहे की मलाच दिसतेय?"

"है दीदी. हल्की है, पर है."

त्या संध्याकाळी तेलीबागेतल्या घरात मोहरी तडतडली. जगदीश स्कूटर काढून थेट चौकात गेला आणि सानिकाला आवडतं ते मलई मक्खन, थंडीतली फेसाळ मिठाई, घेऊन आला. गावी फोन लावून आपल्या आईला म्हणाला, "वेगळंच काहीतरी निघतंय. बरं होईल." सानिकाच्या ओठांना मक्खन लागलं होतं. तिची मान मध्येच खाली जात होती, पण त्या दिवशी कुणी तिकडे बघितलं नाही.

सकाळी वेणी घालताना मीनाक्षीचा हात थांबला. ताटलीतलं पाणी ओतताना तिने ती घाईने कलती केली होती. नव्या मुलीने तसं केलं असतं तर ती रागावली असती. दोन खाचांमधला बांध बोटाच्या नखाएवढा. तिच्या पट्टीवरचं, तिच्या रक्ताचं पाणी बांध ओलांडून लेकीच्या खाचेत गेलं असेल तर?

ती संस्थेत गेली. उरलेल्या थेंबांवर पुन्हा सगळं केलं. या वेळी सानिकाची पट्टी एका ताटलीत, आपली दुसऱ्या टेबलावर. रंग चढत गेला. वरच्या रेघा तशाच काळ्या. खाली कोरा पांढरा कागद. ती बघत राहिली. रंग वाळून गेला तरी बघत राहिली.

कालची रेघ तिची होती. पोर पोटात असताना तिने आपल्या रक्तातली राखण तिला दिली होती, ती नऊ महिने पुरली नाही. आणि काल, पुरायचं काही उरलं नव्हतं तेव्हा, तेच रक्त बांध ओलांडून लेकीकडे धावलं होतं.

अनुप मागे उभा होता. तो म्हणाला, "दीदी, चाय मंगाऊँ?"

ती घरी आली तेव्हा जगदीश सानिकाला जवळ घेऊन बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं.  मीनाक्षी पदर खोचून ओट्याशी गेली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, वरण घोटलं गेलं, पळी भांड्याच्या कडेला लागल्याचा आवाज आला. जगदीश कान लावून होता. आता तेल तापेल, आता मोहरी पडेल.

गॅस बंद झाला.

ताटं वाढली. मीनाक्षीने घास कालवून सानिकाच्या तोंडाशी नेला. पोरीने चव घेऊन नाक मुरडलं.

"मम्मी, तड़का नहीं लगाया?"

 जगदीशने आपल्या ताटातल्या पिवळ्या, फिक्या वरणाकडे पाहिलं, भात कालवला आणि एक मोठा घास घेतला.

"असंच छान लागतं गं," तो म्हणाला. "खा."